चिठ्ठी जिनाच्या नावाची, चुकारा कोणाकडे? खेडा खरेदीतल्या एजंटच्या अधिकाराचे एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना आहे आणि तिथून बावीस किलोमीटरवरच्या खेड्यात त्याचा खरेदीदार बसतो. एका हंगामात या खरेदीदाराने मालकाच्या नावावर जे जे केले त्यातून अर्धा डझन वाद उभे राहिले. प्रत्येक वादात विचारायचे एकच होते: एजंटने केलेल्या या गोष्टीला मालक बांधील आहे का?

प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातला एकेक प्रकार मात्र खेडा खरेदी चालते तिथे कोणालाही ओळखीचा वाटेल. भाव आणि वजने हिशेब समजावा म्हणून घेतली आहेत. बाजार समितीच्या आवाराबाहेर खरेदी करायला लागणाऱ्या परवान्याचा प्रश्न वेगळा असून तो इथे बाजूला ठेवला आहे. कायद्याच्या मराठीत एजंटला अभिकर्ता म्हणतात. आपण एजंट आणि मालक हेच शब्द वापरू. लागू होणारा कायदा म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२, आणि त्यातली कलमे १८२ ते २३८.

पत्र आणि बोर्ड

२० ऑक्टोबरला मालकाने जिनाच्या लेटरहेडवर एक पानी पत्र दिले. पाच गावांतून हंगामभर कापूस घ्यायचा. रोज सकाळी नऊपर्यंत फोनवर कळवलेल्या भावापेक्षा जास्त द्यायचे नाही. दिवसाला ५० क्विंटलच्या वर जायचे नाही. बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा माल घ्यायचा नाही. ही अट नवी नाही, सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) सुद्धा हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलावा धरून चालते आणि बाराच्या पुढचा माल परत पाठवते. खरेदी रोखीनेच, उधारी बंद. क्विंटलमागे तीस रुपये दलाली. या पत्राची एक प्रत दिवाणजीच्या कपाटात राहिली, दुसरी एजंटच्या पेटीत.

गावाने पत्र पाहिले नाही. गावाला दिसत होता एजंटच्या ओसरीवरचा जिनाच्या नावाचा पत्र्याचा बोर्ड, त्यावर ‘कापूस खरेदी केंद्र’, अंगणात जिनाचा इलेक्ट्रॉनिक काटा, जिनाचे नाव-पत्ता छापलेले कार्बनचे चिठ्ठीबुक, आणि रोज संध्याकाळी गंजी उचलायला येणारी जिनाची मेटॅडोर. त्याखेरीज एक गोष्ट गावाच्या चांगली लक्षात होती. मागचे दोन हंगाम याच एजंटच्या उधारीच्या चिठ्ठ्या घेऊन लोक जिनावर गेले होते आणि दिवाणजीने एका शब्दाने न विचारता चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, दिला होता.

सरळ खरेदी, आणि हमालीचा तंटा

१२ नोव्हेंबरला सकाळचा भाव ६,९०० रुपये होता. एजंटने ३८ क्विंटल घेतले आणि २,६२,२०० रुपये रोख वाटले. हा स्पष्ट अधिकार, म्हणजे बोलून किंवा लिहून दिलेला. कलम १८६ आणि १८७ मध्ये तो येतो आणि त्यात भांडायला काही नसते.

भांडण झाले ते हमालीवरून. चार हमाल, दोन ताडपत्र्या आणि शेजारच्या कोठ्याचे भाडे यांचा पत्रात उल्लेख नव्हता, म्हणून दिवाणजीने हे पैसे दलालीतून कापले. ही कपात टिकणारी नाही. कलम १८८ प्रमाणे ज्याला एखादे काम करायचा अधिकार आहे, त्याला ते काम पार पाडायला लागणारी प्रत्येक कायदेशीर गोष्ट करायचाही अधिकार असतो. कापूस घ्यायचा म्हटले की तो मोजणे, भरणे आणि रात्री दवापासून झाकणे आलेच. याला गर्भित अधिकार म्हणतात. एजंटने असा खर्च केला असेल तर कलम २२२ प्रमाणे मालकाने तो भरून द्यायचा.

काट्यावर बहुतेक दिवस एजंटचा पुतण्या बसायचा. वजन वाचून चिठ्ठीत उतरवणे हे हाताखालच्या माणसाचे काम आहे, त्याने काही बिघडत नाही. पण कापूस हातात घेऊन ओलावा आणि कवडी (खराब, डागी कापूस) पाहून भाव ठरवणे हे काम मालकाने एजंटवर विश्वास ठेवून दिलेले असते. ते एजंटला परस्पर पुतण्याकडे सोपवता येत नाही (कलम १९०).

मर्यादेपेक्षा दीडशे रुपये जास्त

८ डिसेंबरला मालकाने ७,००० ची मर्यादा सांगितली. शेजारच्या गावात दुसऱ्या जिनाचा माणूस जास्त देत होता म्हणून एजंटने एका शेतकऱ्याशी ७,१५० ने २२ क्विंटलचा सौदा केला. त्याने १,५४,००० रुपये रोख दिले आणि उरलेले ३,३०० चिठ्ठीवर बाकी लिहिले. दिवाणजी म्हणाला, भाव सात हजारच होता, वरचे पैसे आम्ही देत नाही.

कलम २३७ ला कायद्यानेच जोडलेले उदाहरण या वादाचा आरसा म्हणावा असे आहे. मालकाने माल विकायला दिला आणि ठरावीक किमतीखाली विकू नको असे बजावले. ही सूचना माहीत नसलेल्या माणसाने कमी किमतीत सौदा केला, तर मालक त्याला बांधील. आपल्याकडे विक्रीच्या जागी खरेदी आणि खालच्या मर्यादेच्या जागी वरची आहे, तत्त्व तेच. खरेदी केंद्रावर बसलेला माणूस भाव ठरवतोच, असे कोणीही समजेल. फोनवरची मर्यादा मालक आणि एजंट यांच्यातली, शेतकऱ्याला ती ऐकू येत नाही. मालकाने ३,३०० द्यायचे आणि सूचना मोडल्याबद्दल एजंटकडून वसूल करायचे (कलम २११).

उधारीच्या दोन चिठ्ठ्या

प्रकरणाचा गाभा इथे आहे. २८ नोव्हेंबरला एजंटने दोघांचा कापूस उधारीवर घेतला. रोख घ्याल तर ७,०००, एकवीस दिवसांनी घ्याल तर ७,३०० असा सौदा. एका शेतकरी बाईचे ४२ क्विंटल, म्हणजे ३,०६,६०० रुपये. दुसऱ्या शेतकऱ्याचे ३० क्विंटल, म्हणजे २,१९,००० रुपये. १९ डिसेंबर उलटला तरी चुकारा आला नाही. दोघे जिनावर गेले तेव्हा दिवाणजीने जिनाची प्रत काढून दाखवली. त्यावर ‘७००० रोख’ लिहिलेले होते आणि तेवढी रक्कम एजंटने जिनावरून उचललेली होती.

दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या की काय झाले ते दिसते. क्रमांक, नाव आणि वजन दोन्हीवर तंतोतंत जुळते, आणि जिनाच्या प्रतीवर ती अक्षरे कार्बनची आहेत, फिकी निळी, कडा पसरलेल्या. भावाची ओळ मात्र जिनाच्या प्रतीवर थेट बॉलपेनची आहे, कागदावर उमटलेल्या खोल रेघांसह. वजनापर्यंत लिहून झाल्यावर मध्ये पुठ्ठा सरकवला, शेतकऱ्याच्या प्रतीवर ‘७३००, ता. १९/१२’ लिहिले, आणि नंतर खालच्या प्रतीवर वेगळी ओळ. अशा वेळी चिठ्ठी लॅमिनेट करू नये. ती तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, कारण पेनाचा दाब आणि कार्बनचा ठसा हाच पुरावा असतो.

मालकाचे म्हणणे दोन मुद्द्यांचे होते. पत्रात उधारी बंद होती आणि पैसे एकदा दिले आहेत.

बाईपुरते हे दोन्ही मुद्दे पडतात. कलम २३७ म्हणते की मालकाने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने तिसऱ्या माणसाला असे समजू दिले की एजंटला हा अधिकार आहे, तर अधिकार नसतानाही मालक बांधील. याला दर्शनी अधिकार म्हणतात. मागच्या दोन हंगामांत तिच्याच उधारीच्या चिठ्ठ्यांवर जिनाच्या खात्यातून पैसे तिच्या बँक खात्यात आले होते आणि पासबुकात तशा नोंदी आहेत. यंदा उधारी बंद झाली हे तिला कोणी सांगितले नाही. ‘पैसे एकदा दिले’ हे तर मालकाचे स्वतःच्या माणसाशी असलेले भांडण आहे. एजंटने आपल्या धंद्याच्या ओघात केलेली लबाडी मालकाच्या अंगावर येते, हे कलम २३८ सांगते. तिला ३,०६,६०० रुपये मिळायला हवेत, आणि जिनाने एजंटवर दावा लावावा.

दुसऱ्या शेतकऱ्याची चिठ्ठी अक्षरशः तशीच आहे, निकाल तसा नाही. त्याचा भाचा जिनावर कामाला आहे आणि दिवाळीत त्याने घरी सांगितले होते की शेठने यंदा उधारी बंद केली. शेतकऱ्याने एजंटला तसे विचारलेही. उत्तर मिळाले, “शेठनं मले सोता सांगतलं, तुमच्यापुरती उधारी चालते. मी कायले खोटं बोलू?” त्यावर त्याने माल टाकला.

गावात सगळ्यात जास्त चूक इथे होते. एजंटच्या तोंडच्या शब्दांनी एजंटचा अधिकार वाढत नाही. तसे असते तर कोणीही खरेदीदार ‘शेठ हो म्हणाले’ असे सांगून शेठला काहीही विकू शकला असता. वाढीव अधिकाराचा भास मालकाच्या बाजूने व्हावा लागतो. १९६४ च्या फ्रीमन अँड लॉकयर या इंग्रजी खटल्यात हे फार नेमके मांडले आहे: खरा अधिकार मालक आणि एजंट यांच्यातला, दर्शनी अधिकार मालक आणि तिसऱ्या माणसातला, आणि या दुसऱ्या नात्यात एजंट परकाच. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हर्षद शहा विरुद्ध एलआयसी या खटल्यात हीच कसोटी लावली. विम्याच्या एजंटला हप्ता गोळा करायला नियमाने बंदी होती आणि तो करू शकतो असे महामंडळाने वागण्यातून भासवले नव्हते. म्हणून एजंटच्या हाती दिलेला हप्ता महामंडळाला पोचला असे धरले गेले नाही.

या शेतकऱ्याला बंदी माहीत होती, म्हणून २३७ त्याच्या कामाचे नाही. उधारीच्या कराराला तो मालकाला बांधू शकत नाही. मग त्याच्या ३० क्विंटलांचे काय? कापूस तर जिनात गेला, रुई निघाली, सरकीही विकली गेली. इथे कलम ७० पुढे येते: फुकट द्यायचा हेतू नसताना दिलेल्या वस्तूचा ज्याने फायदा घेतला त्याने भरपाई द्यावी. त्या दिवसाच्या रोख भावाने ती २,१०,००० रुपये होते. मालक म्हणेल, मी त्याच मालाचे तेवढेच पैसे एजंटला दिले, मला फायदा कसला? या मुद्द्यावर दोन्हीकडे बोलायला जागा आहे, आणि म्हणून दावा ताणण्यापेक्षा मधला आकडा काढून तडजोड करणे या शेतकऱ्याला परवडणारे आहे. दिवाणजीने उधारीची खरी प्रत पाहून माल उतरवून घेतला असता तर गोष्ट पालटली असती. कलम २२९ प्रमाणे कामाच्या ओघात दिवाणजीला कळले म्हणजे मालकाला कळले, आणि कळूनही माल ठेवला म्हणजे सौदा मान्य केला. पुठ्ठ्याने ती वाट बंद केली.

अवकाळी पावसातली विक्री

२६ डिसेंबरच्या रात्री अवकाळी पाऊस आला. अंगणात ६० क्विंटलची गंजी होती. एजंटने तिप्पट भाड्याने कोठा घेतला, सहा माणसे लावून ४६ क्विंटल आत टाकले, बाकी १४ क्विंटल भिजले. भिजलेली गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते, सरकीला कोंब फुटायला लागतात. दोन-तीन दिवसांत दर्जा हातचा जातो. टॉवर बंद असल्यामुळे फोन लागत नव्हता. २७ च्या संध्याकाळी नेटवर्क आले. २८ च्या सकाळी, मालकाला न विचारता, एजंटने भिजलेला माल एका व्यापाऱ्याला ५,२०० ने विकला, म्हणजे ७२,८०० रुपयांना.

कोठ्याचे वाढीव भाडे आणि रात्रीची मजुरी बिनतक्रार मालकाची. कलम १८९ एजंटला आणीबाणीत मालकाचे नुकसान टाळण्यासाठी तो अधिकार देते, फक्त शहाणा माणूस स्वतःच्या मालासाठी करील तेवढेच करायचे. त्या कलमाखालच्या एका उदाहरणात कलकत्त्याहून कटकला पाठवायचा खाण्याचा माल वाटेत नासणार असेल, तर तो कलकत्त्यातच विकायची मुभा एजंटला आहे. म्हणजे आणीबाणीत विक्रीही चालते. अडचण २७ च्या रात्रीची आहे. कलम २१४ सांगते की अडचणीच्या वेळी मालकाशी संपर्क साधून त्याच्या सूचना घ्यायचा एजंटने पुरेपूर प्रयत्न करावा. नेटवर्क संध्याकाळीच आले होते. तारा-पत्रांच्या काळात हे कलम ऐसपैस होते. मोबाईलने ते फार अरुंद करून टाकले आहे. एक फोन न केल्यामुळे ही विक्री आणीबाणीत बसत नाही.

घेणारा व्यापारीही मी अजाण होतो असे सहज म्हणू शकत नाही, कारण बोर्डावर ‘खरेदी’ केंद्र लिहिले होते आणि माल कोणाचा ते गावाला ठाऊक होते. पण मालकाने सगळे कळल्यावर ते ७२,८०० रुपये ठेवून घेतले तर त्याने विक्रीला मान्यता दिली, मग व्यापाऱ्याकडे कापूस मागता येणार नाही.

तूर

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एजंटने जिनाच्या चिठ्ठीवर दहा क्विंटल तूर घेतली, बारदान्यासकट, म्हणजे पोत्यांसकट. कापसाच्या जिनाला तुरीचे काय काम? अधिकार कोणत्याच बाजूने नव्हता. पण मेटॅडोरमध्ये पोती आली, दिवाणजीने चिठ्ठी पाहिली, मालकाला विचारले, आणि मालकाने ती तूर दालमिलला विकून टाकली. कलम १९७ प्रमाणे मान्यता वागण्यातूनही देता येते, आणि दुसऱ्याने आपल्या नावावर घेतलेला माल स्वतः विकणे ही तर पाठ्यपुस्तकी मान्यता. पुढे बारदान्याचे पैसे नाकारण्याचा प्रयत्न झाला. तो चालत नाही. कलम १९९ प्रमाणे सौद्याचा एक भाग मान्य केला की पूर्ण सौदा मान्य होतो.

चिठ्ठीवर जिनाचे नाव होते म्हणून ही मान्यता शक्य झाली. एजंटने स्वतःच्या नावावर तूर घेतली असती तर मालकाची नंतरची ‘हो’ शेतकऱ्याच्या उपयोगी पडली नसती. १९०१ मध्ये कीली मॅक्सटेड विरुद्ध ड्युरंट या खटल्यात गव्हाच्या सौद्यावरून हाउस ऑफ लॉर्ड्सने हेच ठरवले: एजंटने दुसऱ्यासाठी घेतो असे त्या वेळी दाखवलेच नाही, तर मागाहून मान्यता देता येत नाही.

काढून टाकल्यानंतरचे चार दिवस

तूर आणि पावसाचा हिशेब पाहून मालकाने १२ जानेवारीला फोनवर एजंटला काढून टाकले. बोर्ड, काटा आणि उरलेले चिठ्ठीबुक गावातच राहिले. संक्रांत झाल्यावर, १५ आणि १६ जानेवारीला, एजंटने आणखी २९ क्विंटल ७,२०० ने घेतले, ‘सोमवारी बँकेतून चुकारा’ म्हणून चिठ्ठ्या दिल्या, माल तिसऱ्याच जिनात टाकला आणि गाव सोडले. १७ क्विंटल जुन्या गिऱ्हाइकाचे (१,२२,४०० रुपये) आणि १२ क्विंटल पहिल्यांदाच आलेल्या, शेजारच्या गावच्या शेतकऱ्याचे (८६,४०० रुपये).

मालकाला वाटले, काढून टाकलेला माणूस, माल आमच्याकडे आलाही नाही, आम्ही कसे देणार? कलम २०८ प्रमाणे अधिकार रद्द झाल्याचा परिणाम एजंटपुरता त्याला कळल्यावर होतो आणि तिसऱ्या माणसापुरता त्या तिसऱ्या माणसाला कळल्यावर. कायद्याने दिलेले उदाहरणही योगायोगाने कापसाचेच आहे. मद्रासचा मालक मुंबईच्या वखारीतला कापूस विकायला एजंटला पत्र लिहितो, मग दुसऱ्या पत्राने अधिकार काढतो. दुसरे पत्र मिळाल्यावरही एजंट कापूस विकतो, घेणाऱ्याला पहिले पत्र ठाऊक असते, दुसरे नसते. तो पैसे देतो, एजंट पळतो. घेणाऱ्याने दिलेले पैसे मालकाला पोचले असेच धरायचे.

जुन्या गिऱ्हाइकाचा दावा त्यामुळे भक्कम आहे. नव्या शेतकऱ्याने आधी कधी व्यवहार केला नव्हता, पण बोर्ड आणि छापील चिठ्ठी त्याने पाहिली, आणि ती दोन्ही मालकाने तिथे राहू दिली. तोही २३७ मध्ये येतो, फक्त बोर्ड त्या दिवशी तिथे होता हे त्याला सिद्ध करावे लागेल. मोबाईलमधला तारखेचा फोटो असल्यास उत्तम, नाहीतर शेजाऱ्यांची साक्ष.

एजंट काढायचा तर त्याच दिवशी गाडी पाठवून बोर्ड, काटा आणि चिठ्ठीबुके उचलावीत. न वापरलेल्या चिठ्ठ्यांचे क्रमांक लिहून घ्यावेत. गावात दवंडी द्यावी, ग्रामपंचायतीच्या फलकावर नोटीस लावावी, आणि कार्बन प्रतींवरून ज्यांची नावे निघतात त्या प्रत्येकाला फोन करून वर पत्र पाठवावे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर एकट्यावर विसंबू नये. ज्यांनी आधी व्यवहार केला आहे त्यांना खरोखर कळले होते का, हे न्यायालय विचारते.

विकणाऱ्याच्या बाजूने एक फोन पुरतो, आणि तो बोर्डावरच्या नंबरवर करू नये. बोर्डावरचा नंबर पुष्कळदा एजंटचाच असतो. जिनाच्या जुन्या पक्क्या पावतीवरचा नंबर लावावा, माल काट्यावर चढण्याआधी उधारीची बोली दिवाणजीला सांगावी, आणि तेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवावे. चिठ्ठीवर ‘करिता’ लिहून एजंटची सही आहे ना, आणि वर जिनाचे पूर्ण नाव आहे ना, तेही पाहावे.

मुदतीचा हिशेबही वेगवेगळा पडतो. मुदत कायदा १९६३ प्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशासाठी तीन वर्षे मिळतात. उधारीचा दिवस ठरलेला असेल तर तीन वर्षे त्या दिवसापासून मोजायची, नसेल तर माल दिल्यापासून. बाईच्या चिठ्ठीची तीन वर्षे १९ डिसेंबरपासून धावतात, २८ नोव्हेंबरपासून नाहीत. ८ डिसेंबरच्या ३,३०० रुपयांना तारीख ठरलेली नव्हती, म्हणून ती ८ डिसेंबरपासूनच. संक्रांतीनंतरच्या दोघांची त्या सोमवारपासून, चिठ्ठीवर ‘सोमवार’ लिहिलेले असेल तर. नुसते तोंडी ठरले असेल तर धोका नको म्हणून १५ जानेवारी धरूनच नोटीस पाठवावी.